शोरूमचा भाव

१२ जानेवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. थंडी बरी पडलीय. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतोय.

बातमी अशी की आपलं फर्निचरचं शोरूम विकायचं घाटतंय. हसू नकोस. हो, तेच, ज्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक बसायच्या आधीच उठायचं. बायपास झाला, बाजार तिकडे सरकला, शेजारची दुकानं मिळेल त्या किमतीला गेली. बाबा मात्र मोठ्या शहरातला भाव सांगत राहिले. कुणी घासाघीस करत जवळ आलंच, तर आणखी वाढवायचे. एखादी गोष्ट आवाक्याबाहेरची असली की गावात 'शोरूमच्या भावाची' म्हणतात. तू गेल्यापासून ते शटर पूर्ण वर गेलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही ते उघडलं. पहार लावावी लागली. आत पारव्यांचं राज्य. मधोमध तो हिरवा सोफा अजून प्लास्टिकमध्ये, किमतीच्या चिठ्ठीसकट. वरच्या स्लॅबला ओल आहे, पण खांब ठणठणीत. नकाशे मीच काढलेत. दर्शनी भागात मिस्त्रीचा सुतारकामाचा कारखाना, बाजूला नर्सबाईंचा दवाखाना, वर शिवणवर्ग. मिस्त्री तुला माहीत नाही, तू गेल्यावर गावात आला. तुझ्याच वयाचा. त्याची शेड रस्तारुंदीत जातेय, मार्चपर्यंत जागा मिळाली नाही तर त्याच्यासकट पाच माणसांची चूल थंडावेल. त्याला म्हटलं, विचारून तर बघा, बाबा नाही म्हणतील, मारणार तर नाहीत.

बाबा हो म्हणाले. आणि भाव सांगितला तो इतका कमी, की मिस्त्रीलाच अवघडल्यासारखं झालं.

कसं काय, असं तू विचारशील. तेच लिहायचं टाळत मी स्लॅब नि खांब सांगत बसलेय. दादा, बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी कधी मी असते, कधी आई. वर्ष झालं. तुला कळवलं नाही, कारण कळवूनही तू आला नाहीस तर?

मिस्त्री त्या दिवशी कामावरून तसाच आला होता. शर्टाला पॉलिशचा वास, दुकानात असताना तुझ्या शर्टाला यायचा तसाच. बाबांनी त्याचा हात धरला तो सोडेचनात. म्हणाले, "आलास? पॉलिश नीट सुकू दिलंस ना?" तो गोंधळला. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "एवढा भाव लावला म्हणून राहिलं बघ तुझ्यासाठी. नाहीतर कुणीही उचललं असतं. आता माझ्याच्यानं होत नाही. घे तू."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. काम होत होतं ना! नोंदणीची तारीखही घेऊन टाकली मी. तिथल्या साहेबांनी विचारलं असतं, राजीखुशीनं देताय ना? तर बाबा म्हणाले असते, पोराला द्यायला राजीखुशी कसली विचारता?

आदल्या दिवशी मिस्त्री दारात येऊन उभा. "ताई, मला जागा हवीय, खोटं कशाला बोलू. पण ते मला देत नाहीयेत. दुसऱ्याच्या नावानं घेतलेल्या दारातून रोज आत कसं जायचं?" मी चिडले. म्हटलं, "तुमच्या प्रामाणिकपणाचं काय लोणचं घालायचंय? मार्चमध्ये कुठे जाणार?" तो चप्पल घालून गेला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. त्याच्यासाठी नाही. इतकी वर्षं मी बाबांना हेकेखोर म्हणत आले, गावाबरोबर हसत आले, आणि ते दुकान राखत होते. तुझं.

तारीख मी रद्द केली. वकील म्हणतो, बाबांची सही आता चालायची नाही, आपण दोघांनी मिळून कोर्टाची परवानगी काढावी लागेल. म्हणजे तुझ्यावाचून पान हलणार नाही. तुला ते हवं असेल तर तू घे, नको असेल तर मिस्त्रीला देऊ. मला दोन्ही चालेल. पण पोस्टानं सही पाठवू नकोस. ये.

आणि एक आधीच सांगून ठेवते. बाबा तुला ओळखतील असं नाही. मिस्त्री तिथे असला तर तुझ्या नावानं हाक त्याला मारतील. तुला बहुतेक गिऱ्हाईक समजतील, खुर्ची पुढे करतील आणि तो जुना, डोळे पांढरे करणारा भाव सांगतील. घासाघीस करू नकोस, नि मागच्यासारखा तरातरा निघूनही जाऊ नकोस. त्यांच्या समोर बस आणि परवडतो म्हण.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी धाकटी