भोंग्याचा मान

५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सोन्याचं नवं घर कसं आहे, विचारतेस. घर झकास आहे, फक्त आमच्या जुन्या सूतगिरणीचे फ्लॅट केलेत, त्यात आहे! ज्या खात्यात तुटलेले धागे जोडण्यात माझी हयात गेली, तिथेच आता माझा पलंग. विटा घासूनपुसून उघड्या ठेवल्यात. खिडक्या जुन्याच लोखंडी, आणि जुनं रूप राखायचं म्हणून त्या उघडत नाहीत. बाबांना त्यांच्याच गिरणीत राहायला आणलं, असं पोरगं सगळ्यांना सांगत सुटलंय.

आता रहिवासी मंडळाने जुना भोंगा दुरुस्त केलाय. रविवारी तो माझ्या हातून वाजवणार, मग रोज सकाळी मीच वाजवायचा. सोन्याची आई कशी गेली, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू? तो आवाज माझ्याच्याने ऐकवणार नाही, अक्का. काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा धाकला

८ मार्च

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद.

सरळ नाही म्हण. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ फस्त करून वर नाही म्हणायचास, तेव्हा जीभ बरी वळायची! माझे गुडघे कुरकुरतात, शेजारीण त्याहून जास्त. बाकी ठीक. मनावर घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण घेणारच तू.

पत्राची वाट पाहते.
तुझी अक्का

१५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

म्हटलं गं. माइक हातात होता. या आवाजाची मला भीती वाटते, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! आजोबांना भरून आलं म्हणाले. सोन्याने मिठी मारली. अध्यक्षांनी तर मला दगदग नको म्हणून भोंग्याला घड्याळच जोडलं. आता तो रोज आपोआप वाजतो. उशीत तोंड खुपसलं तरी भिंतीतून येतो. माझं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालंय.

तू फार आजारी आहेस, असं सोन्याला कळव. पोराचं मन न मोडता इथून निघायला दुसरी वाट दिसत नाही.

एवढं कर. माया असू दे.
तुझा धाकला

१९ मार्च

चि. सोन्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझ्या बाबाने मला आजारी पडायला सांगितलंय, पण ते सोंग मला जमायचं नाही.

तू रांगत होतास तेव्हाची गोष्ट. तुझी आई अचानक कोसळली. मी धावत गिरणीच्या फाटकाशी गेले. पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही, असा नियम होता. मी गजांच्या अलीकडे, तुझा बाबा पलीकडे पहारेकऱ्याला हात जोडत उभा. भोंगा झाल्यावर आम्ही घरी पोचलो, तोवर ती गेली होती. पोराने हे ओझं कशाला वाहायचं, म्हणून तुला त्याने गिरणीच्या फक्त गमती सांगितल्या. तू प्रेमानेच घर घेतलंस, रे. तुझ्यावर माझा राग नाही.

शनिवारी मी फाटकाशी येते आहे. या खेपेला तरी त्याला माझ्याबरोबर बाहेर सोड.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या