तू हात वर केला नव्हतास

सुधीर,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण आज ते कागदावर उतरेना. तुला जाऊन सोळा दिवस झाले. तेरवीला तुझ्या फोटोला फूल वाहून आलो, दोन घास जेवलोसुद्धा. तेव्हा राग नव्हता. राग काल आला, तुझी केतकी भनपुरीला आमच्या घरी आली तेव्हा.

पोरगी गुणी आहे रे. आल्या आल्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, संडे को पापा का प्रोग्राम है, नवा रायपुर में. लूपलाइन का पूरा अल्बम बजेगा. क्लॅरिनेट आप ही बजाओगे ना?" मग तिनं तुझा शेवटचा व्हिडिओ लावला. दोन तरुण तुला आपल्या लूपलाइन बँडच्या पहिल्या कॅसेटबद्दल विचारतात. पहिली काय, एकुलती एक! शेवटच्या गाण्यानंतर क्लॅरिनेट एकटंच चार मिनिटं वाजत राहतं, ते कसं सुचलं? आणि तू दाढी खाजवत म्हणतोस, "ते मी मिलिंदला लिहून दिलं होतं. सूर न् सूर."

लिहून? तुला स्वरलिपी वाचता तरी येत होती का? कॉर्ड लक्षात ठेवायला तू सिगारेटच्या पाकिटावर बाण काढायचास!

आठवून बघ जरा. समता कॉलनीतला तो दवाखाना रविवारी बंद असायचा. वरच्या खोलीत आपण भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. स्पिरिटच्या वासानं माझं डोकं दुखत होतं. तू गिटारवर, प्रकाश ड्रमवर, जोसेफ बेसवर. तिघंही रॉकवाले, त्यात जॅझच्या रेकॉर्डी ऐकून येडे झालेले. तुम्हाला फुंकणारा हवा होता. सॅक्सोफोनवाला कोणी येईना, म्हणून मला उचलून आणलंत, माझ्या बाबांच्या बारातीच्या बँडमधून.

बाबांच्या, म्हणजे उत्तम मास्टरांच्या, बँडमध्ये एकच नियम होता. मास्टरचा हात वर झाल्याशिवाय थांबायचं नाही. घोडी बिथरू दे, व्याही भांडू देत, आपण फुंकत राहायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मास्टर तू होतास. तूच बजावलं होतंस, "माह्याकडे पाहा. हात वर केला का बंद!"

गाणं संपलं. प्रकाश थांबला, जोसेफ थांबला. तुझे दोन्ही हात मात्र गिटारवरच. विसरलास तू! मी तुझ्या हाताकडे बघत वाजवत राहिलो. माझ्या वाटणीचे सूर कधीच संपले होते, मग मी बाबांची बिदाईची धून धरली. नवरी गाडीत बसताना ते ती वाजवायचे. त्यांनी स्वतः बांधलेली, दुसऱ्या कोणत्याही बँडकडे नव्हती. चार मिनिटांनी तू भानावर आलास, हात वर केलास आणि मी थांबलो.

आणि मग काय म्हणालास? "काहून नाही थांबला बे? इथं बारात घेऊन आला का?"

प्रकाश फिदीफिदी हसला. मी मान खाली घालून क्लॅरिनेट पुसत बसलो. पुन्हा वाजवायला टेप उरली नव्हती, आणि ते कापलं तर कॅसेटची बाजू भरेना, म्हणून ते तसंच राहिलं. नाहीतर तू ते कापूनच टाकणार होतास!

कॅसेट आली. कव्हरवर तुम्हा तिघांची नावं आडनावासकट. खाली बारीक अक्षरांत, 'सोबत मिलिंद'. तेही गिळलं मी. तुझ्या आईला आम्ही बँडवाल्यांनी अंगणात वाजवलेलं चालायचं, घरात आलेलं नाही, तेही गिळलंच होतं की.

पण बाबांचं काय करू? त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मागे फिरवून तो तुकडा पुन्हा लावला. मग म्हणाले, "आपली धून हाये ना रे पोट्ट्या?"

"हव."

"मंग माह्यं नाव टाकलं का त्यानं?"

मी खोटं बोललो. म्हटलं, पुढच्या कॅसेटवर टाकून राहिला. पुढची कॅसेट कुठली? वर्षभरात आपण चौघं चार दिशांना पांगलो. बाबा मात्र शेवटपर्यंत विचारायचे, "दुसरी कधी काढून राहिले रे तुम्ही?" त्यांच्या तोंडावर मारलेली ती थाप तुझ्यामुळे मारली, सुधीर. ती मला अजून पचलेली नाही.

मागच्या दिवाळीला तू काठी टेकत आलास. माझं क्लॅरिनेट बाहेर काढायला लावलंस. मी म्हटलं, कवळी बसवली, आता फुंकणं जमत नाही. तेही खोटंच. रोज सकाळी फुंकतो मी. तुझ्यासमोर वाजवायचं नव्हतं, एवढंच. तू दारात बराच वेळ उभा राहिलास. काही सांगायला आला होतास का रे? मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का?

जाता जाता केतकीनं मूळ टेप ऐकवली. तुझ्या कपाटात कपड्यात गुंडाळलेली सापडली म्हणे. कॅसेटवर जे कापलं होतंस ते त्यात जसंच्या तसं आहे. माझा शेवटचा सूर, आणि लगेच तुझा आवाज, "काहून नाही थांबला बे?"

पोरीनं टेप थांबवली. "काका, पापा ने खुद लिखा था, तो फिर डाँट क्यों रहे हैं?"

बाप जाऊन पंधरा दिवस झालेल्या पोरीला काय सांगू मी? म्हटलं, रविवारी सांगतो. तुझी लबाडी निस्तरायची तीही मीच! आणि ती टेप इतकी वर्षं जपून कशाला ठेवलीस? पुसून टाकायची होतीस, म्हणजे तुझंच खरं झालं असतं.

तर ऐक. रविवारी मी येणार. आधी केतकीला बाजूला घेऊन सगळं सांगेन, तुझ्या विसरण्यासकट. मग माइकवर म्हणेन, ही धून उत्तम मास्टरांची आहे. बाबांना दिलेला शब्द तेवढ्यानं पुरा होईल. तुला शिव्या देणार नाही, त्या या कागदावर देऊन झाल्या. आणि मग तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाजवेन.

फक्त एक सांग, मेल्या. आता मला थांबवायला हात कोण वर करणार?

तुझा,
उत्तम मास्टरांचा मिलिंद