गोड्या पाण्याखालची लाट

बाई, तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पण आज होडीतून उतरल्यापासून तुमच्याशीच बोलतेय, म्हणून लिहायला बसले.

त्या दुष्काळात शहर आमच्या हर्सूलच्या वस्तीपर्यंत वाढत आलं होतं, नळ मात्र मागंच राहिले होते. माय टँकरच्या रांगेत, मी गुलमंडीजवळच्या तुमच्या शाळेत. तुम्ही टेबलावर काचेची पेटी ठेवता. तळाशी लाल रंगाचं मिठाचं पाणी, त्यावर अलगद ओतलेलं गोडं. तुमचं माहेर खाडीकाठचं. नदी समुद्राला भेटते तिथं पाणी असंच थरांनी असतं, म्हणता. पट्टीनं हळूच ढकलता, 'आतली लाट बघा' म्हणता. मुली पुढं झुकतात. मला मात्र त्यात हंडाभर नासलेलं पाणीच दिसत राहतं. मधल्या सुट्टीत मी जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं, बाई पाणी वाया घालवतात. त्या वर्गासमोर तुम्हाला बोलल्या, "लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही खेळता?" तुम्ही पेटी उचललीत.

रविवारी विचारत विचारत तुम्ही आमच्या घरी आलात. वाटलं, आता मायचा मार बसणार. तुम्ही तर तिच्यामागं रांगेत उभ्या राहिलात.

"बाई, तुमी कशाला उन्हात?"

"चार हात असले की दोन हंडे जास्त येतील."

पाणी भरून झाल्यावर ओट्यावर टेकलात. मला म्हणालात, "तू सांगितलंस ते चुकीचं नव्हतं. पण लाट पाहिलीस का?"

"नाय."

तुम्ही पिशवीतून औषधाची बाटली काढलीत, अर्धी लाल पाण्यानं भरलेली. मायकडे वाटीभर पाणी मागितलंत, तेही संकोचून. ते वर सोडून बाटली कलती केलीत. "वर सगळं शांत असतं बघ. लाट आत चालते. ती फुटली की खारं-गोडं एक होतं. दिसली?"

"दिसली," मी म्हणाले.

आज पाण्याच्या पाहणीच्या कामावर गेलो, तेव्हा खाडी आरशासारखी निवांत होती. पण होडीतल्या यंत्राच्या पडद्यावर पाण्याच्या पोटातून घराएवढी लाट आली, उथळ जागी उभी राहिली आणि फुटली. आम्ही वरचं पाणी मोजलं, तर खारटपणा तिथवर चढलेला. सोबतचे आकडे लिहीत होते; मी नुसती बघत राहिले.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. पण बाई, त्या दिवशी बाटलीत मला काहीच दिसलं नव्हतं. तुमचा चेहरा उन्हानं रापला होता, हंड्यांनी हाताला वळ उठले होते, म्हणून 'दिसली' म्हणाले.