मुरुमाखालची माती

१२ जाने., सोम.
ग्रा.पं.च्या विहिरीवर आज लाल फुली मारली. पाणी प्यायचं नाही. तपासणीत फवारणीचं औषध निघालं. कुठून आलं असंन? विहिरीच्या वरच्या अंगाले आमचीच शेड. भासऱ्यायनं, म्हणजे यायच्या मोठ्या भावानं, तिथं वर्षानुवर्षं औषधाचा धंदा केला. पिंपातलं बाटल्यात भरायचे, सांडलं की वरून पाणी मारायचे, झालं. मंग धंदा बंद केला, हिस्से झाले आन शेडची जमीन आमच्या वाट्याले आली. मलई त्यायनं खाल्ली, करपलेलं भगोनं आमच्याकडं सरकवलं.

दुपारी बंजाऱ्यायच्या तांड्यातली शांताबाई दारात. तिले सगळे याडी म्हणतात, आई. "माही सून पोटुशी हाय. हेच पाणी पेली ते. बोल, काय करू?" राग कोणावर काढू?

१५ जाने.
यष्टीनं यवतमाळले गेलती. वकीलबाईनं पहिलं हेच इचारलं, धंद्याचा विमा होता का? आगीचा नाही, बाहेरच्या लोकांचं नुकसान झालं तर भरून देणारा. होता ना. परवान्यापायी काढावाच लागे, भासरे दरवर्षी बडबडत.

"पॉलिसी जुनी आहे, मेलेली नाही," बाई म्हणाल्या. "गळती त्या वर्षांतली आहे ना? मग त्या वर्षांच्या पॉलिसीनं कंपनी आजही बांधलेली आहे." तुमची जमीन साफ करायला कंपनी दमडी देणार नाही म्हणे. पण विहीर लोकांची. आन शेडखालची माती उपसल्याशिवाय विहीर साफ होत नाही, एवढं दाखवून द्यायचं. वा रे वा! तीन दिवसात पहिल्यांदा कोणी कामाचं बोललं.
पण दावा ज्याच्या नावावर पॉलिसी, त्यानंच लावायचा. म्हणजे भासऱ्यायनं.

१८ जाने.
दोघं भासऱ्यायकडं गेलतो, दिग्रसले. माह्याकडं न पाहता यायले म्हणाले, "सही म्हणजे कबुली. माह्या हातानं लिहून देऊ का, का मी लोकायले जहर पाजलं? निवडणूक तोंडावर हाय बाजार समितीची."
हे खाली मान घालून. "भाऊ म्हणते ते बी बरोबर हाय."
काय बरोबर हाय, कपाळ! लग्न झाल्यापासून मी भासऱ्यायपुढं तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावर पदर, आन जे सांगायचं ते यायच्या मार्फत. आज पदर कमरेले खोचला. म्हन्लं, तुमी नाही लिहून दिलं तर याडी सांगन, सारा तांडा घेऊन, तुमच्या प्रचाराच्या सभेत.
जाऊबाईच्या हातातला चहा तसाच राह्यला. सही केली त्यायनं. पेन टेबलावर आपटला.
वापस येताना हे म्हणे, "भावापुढं असं बोलतात का?" मी घर येईपर्यंत पदर कमरेलेच खोचलेला ठेवला.

२७ जाने.
विमा कंपनीचा पाहणीवाला साहेब परवा येऊन राह्यला. तांड्यात सांगून आली. भासरे एकाएकी गोड झाले, फोनवर म्हणे, साहेबाच्या सरबराईचं मी पाहतो. एवढं गोड कायच्यापायी?

२९ जाने., गुरु.
रागारागात लिहून राह्यली.
मी वकीलबाईले आणाले दिग्रसच्या स्टँडवर गेलती. येऊन पाहते तं शेडभोवती लालभडक मुरूम! भासऱ्यायनं सकाळीच ट्रॉल्या पाठवल्या. आमच्या यायनं स्वतः पसरवला, शेडच्या आत बी. तांड्यातल्या गड्यायनंही घमेली उचलली. भिंतीले चुना. वाटेच्या दोन्ही बाजूनं चुन्याच्या रेघा, मंत्री येते तशा. दारात रांगोळी. अरे, घाण दाखवाले साहेब बोलावला ना आपुन?
साहेब मुरुमावरून फिरला. "जागा तर स्वच्छ आहे." फोटो काढले, चहा पेला, गेला. वकीलबाई डोक्याले हात लावून म्हणाल्या, आता आपल्याला या फोटोंशी भांडावं लागेल.
हे म्हणतात, "पाहुणा येते तं घर झाडत नाही का?" यायच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच जास्त संताप आला. तांड्यातले तं बिचारे साहेब खुश झाला म्हणून खुश. भासऱ्यायच्या मनात काय होतं ते मले इचारू नका.

३१ जाने.
खोदलं. मी, याडी, तांड्यातल्या बाया. तोंडाले पदर बांधून. मुरूम ओढून काढला, खालची फरशी टिकासानं फोडली. हातभर खोल गेलो तं काळी हिरवट माती, आन वास असा का एका बाईले तिथंच ओकारी झाली. एवढं आमच्या शेडखाली होतं आन मी त्यावर तुरीच्या पेंड्या रचत होती!
वकीलबाईले फोटो पाठवले. म्हणाल्या, बस, आता कोणी हात लावू नका, खड्डा आहे तसा राहू द्या, पुन्हा पाहणी मागते. कंपनी मानेल का? सांगता येत नाही म्हणे.

३ फेब्रु.
भासरे आले. खड्ड्याच्या काठावर दुपट्टा नाकाले लावून उभे. आज माह्याशी थेट बोलले. "बुजवून टाक सुनंदा. येणारे-जाणारे पाहून राह्यले."
म्हन्लं, पाहू द्या.
"सकाळी ट्रॅक्टर पाठवतो."
पाठवा. मी खड्ड्यात खुर्ची टाकून बसते, टाका माती माह्या अंगावर. याडी म्हणे, मी बी बसते. सुनेले तिनं माहेरी धाडलं, तिथलं पाणी चांगलं हाय.
कंपनीचं उत्तर नाही.
हे मंघापासून ओसरीत बसून हायत. ताट वाढलं, जेवले नाहीत. इचारलं, उद्या ट्रॅक्टरवर बसान का खुर्चीवर?