उलांडी डावीकडे

रत्नागिरी,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय तूबा,

सलाम. मंडणगडात सगळे मजेत असतील. इकडे आई म्हणते, चार दिवस माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. कारण ऐक, पण आधी नीट बस: आपली जलवंती परत येतेय! कॉमिक नव्याने, पहिल्या अंकापासून, आणि चित्रं मी काढतेय. मी!

मुखपृष्ठ तू बघताक्षणी ओळखशील. जुन्या नवव्या अंकावरचीच लाट, होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर तसाच रोवलेला पाय, तशीच उडणारी वेणी. फक्त आता अंगात लाइफ जॅकेट आहे. आत तर मी धुमाकूळ घातलाय. राजापूरच्या एस.टी.च्या नंबरप्लेटवर जुन्या अंकाचा क्रमांक, टपरीवर चहा पीत बसलेला तो मिशाळ खलनायक, आता पार म्हातारा झालेला. नव्या पोरांना ही साधी चित्रं वाटतील, आपल्याला मात्र गुदगुल्या होतील.

अडलं ते शेवटच्या पानावर. संपादक मुंबईचे. म्हणाले, "जुन्या चित्रात होडीला उलांडी उजवीकडे आहे, तुम्ही डावीकडे का काढलीत? हुबेहूब हवं." उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड, आणि जाळं उजवीकडून टाकतात म्हणून ती डावीकडे, हे सांगण्यातच अर्धा तास गेला. मग म्हटलं, जुन्या चित्रकाराचं चुकलं होतं, आणि सातवीतल्या एका मुलीने ते दुरुस्तही केलंय. तुझे अब्बा ते चित्र बघून किती हसले होते! "ही होडी बांधली कोणी गो? उलांडी उजवीकडं, मग जाळं काय डोक्यावरून टाकणार?" लगेच तू तुझ्या अंकात ब्लेडने ती खरवडलीस आणि निळ्या पेनाने डावीकडे काढलीस.

संपादक खूश! म्हणाले, नव्या अंकाच्या शेवटी ते पान जसंच्या तसं छापू, तुझ्या नावासकट. "आहे का तुमच्याकडे?"

मी हो म्हटलं.

तूबा, तो अंक माझ्याकडेच आहे, सातवीपासून. रुबिनाने चोरला नव्हता. मला ते चित्र गिरवायचं होतं, म्हणून तुला न विचारता नेला. परत देणार होते. तेवढ्यात तू तुझ्या चुलतबहिणीवर आळ घेतलास आणि माझी हिंमतच झाली नाही. रद्दीत सापडला असं तुला सांगता आलं असतं. दोन दिवस तेच जुळवत होते. मग रुबिनाचं लग्न आठवलं. तू गेली नाहीस. मी तिथे बिर्याणी खात होते आणि तिने विचारलं, "तूबा का नाही आली?" मी म्हटलं, गाडी चुकली असेल. लाज वाटते गं.

काल राजापूरला जाऊन तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देईल. ती एवढंच म्हणाली, "तूबाला सांगितलंस?" आणि आत गेली.

अंक सोबत पाठवतेय. फोटोसुद्धा काढून ठेवलेला नाही. पान छापायचं की नाही, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण तिला फोन कर. नंबर पाठीमागे लिहिलाय.

'तुझी मैत्रीण' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच

शमिका