औषधाचे कवच

सोलापूर,
पौष वद्य पंचमी, शनिवार

चि. दाक्षायणीस,
सप्रेम शुभाशीर्वाद.

‘श्रीसिद्धेश्वरकृपेने येथे सर्व क्षेम’ असे लिहून आरंभ करण्याची माझी रीत तुला ठाऊक आहे. आज लेखणी त्या शब्दांपाशी अडली. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही. तुझ्या काकूला सकाळी अर्धी भाकरी गेली आणि पोटात राहिली. फोनवर बोलताना ती शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवीत आहे.

प्रथम शास्त्राचा प्रश्न. तुम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत ज्या विघटनशील बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, सूक्ष्म कण घडवता, ते औषध पोटी घेऊन जातात, गाठीपाशी सोडतात आणि स्वतः विरून जातात, असे तू मला समजावले होतेस. विरल्यावर मूळ पदार्थाचे काही उरते काय? नामरूपच गेले, तर दोष कशाला चिकटावा? मला अनुकूल उत्तर हवे आहे, हे तू ओळखले असशीलच.

काकूच्या पोटातील गाठीवर डॉ. सोमशेखर जे नवे औषध देत आहेत, ते अजून चाचणीतले आहे. पहिल्या मात्रेपूर्वी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सर्व सांगितले. काकूचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडचे, मराठी बाजारापुरते. म्हणून ते मराठीत सांगत आणि मी कन्नडमध्ये.

“आजी, या कणांचं कवच कोळंबीच्या टरफलापासून करतात. काही घरांत चालत नाही, म्हणून आधीच सांगतो. नको असेल तर नेहमीचं औषध आहेच, पण त्याचा तुम्हाला गुण आला नाही.”

एवढे बोलून ते माझ्याकडे पाहत थांबले. मी कन्नडमध्ये म्हणालो, “कवच पोटात विरघळतं, म्हणतात.”

“री,” तिने नेहमीच्या कन्नड हाकेने मला विचारले, “आपल्याला चालेल ना?”

“चालेल.”

तिने मान डोलावली. इष्टलिंगाची पूजा झाल्याखेरीज पाण्याचा घोटही न घेणारी ती. आणि मठात आहारशुद्धीवर निरूपण करणारा मी. आता गुण येऊ लागला आहे, आणि त्यानेच माझी झोप उडाली आहे. दुसरी मात्रा गुरुवारी. त्याआधी कवच कशाचे असते, ते ती तुला विचारणार आहे. मक्यापासूनही असे कण होतात, असे तू म्हणाली होतीस. तेव्हा तू तिला एवढेच सांगावेस की

येथवर लिहिले आणि ती चहा घेऊन आली.

“कुणाला एवढं लांबलचक?”

“दाक्षीला.”

“माझ्या औषधाचं ना? घाबरलात की अक्षर मोठं काढता तुम्ही.”

मला पुढे खोटे उच्चारवेना. सारे सांगितले.

तिने चहा माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, “मठात कथा सांगताना एक राक्षस गाळत नाही तुम्ही, आणि कोळंबी तेवढी गाळलीत?” मला हसू आले नाही, तीही हसली नाही. “मी काय म्हटलं असतं, ते ठाऊक होतं तुम्हाला. म्हणूनच विचारलं नाही.”

“तू हवी होतीस मला.”

“मग तसं म्हणायचं. पोट माझं आहे.”

गळ्यातील लिंग मुठीत धरून ती आत गेली. गुरुवारी जायचे की नाही, ते बोलली नाही. विचारण्याचा अधिकार मला उरलेला नाही. चहा निवला आहे.

तेव्हा मक्याचे विसर. पत्र मिळताच तिला फोन कर आणि कन्नडमध्ये सर्व सांग: कवच कशाचे, मागे काय राहते, मात्रा न घेतल्यास काय होईल. ती नको म्हणाली, तर तिचे मन वळवू नकोस. माझ्याकडे पाहूनही नाही. फोन मी उचलला, तर माझी विचारपूस न करता “काकूंना द्या” एवढेच म्हण. मी तिच्या हाती देईन आणि बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसेन.

तिच्या होकाराची प्रार्थना करण्यासही धजावत नसलेला,
तुझा काका
मृत्युंजय