तुझं ताट, तुझं मैदान

माझी आक्का,

आय आज सकाळच्या दहिवडीच्या गाडीनं गेली. एकटीच गेली. तुझ्या गौरीला न्हाई नेलं. हे तुला कुणीतरी सांगाय पायजे, म्हून लिवाय बसलीया. तोंडानं सांगाय गेले तर सासूबाई इचारत्यात, कुणासंगं बोलतीस गं? सामन्याची पत्रकं उरल्याली घरात पडली हुती, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिवतीया. माझं अक्षर तुला म्हाईतच हाय. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. समजून घे.

आधी एक सांगते, मग बाकीचं. आक्का, मी तुझ्यावर जळते.

मेलेल्या माणसावर कोण जळतं का? मी जळते. आन ते ह्यांच्यावरनं न्हाई. ह्यांनी तुझं नाव काढलं तर मला काय वाटत न्हाई. आपण एकाच आयच्या पोरी, मी बी तुझी आठवण काढतेच की. मी जळते ती त्या मैदानावरनं.

नदीकडचं ते कबड्डीचं मैदान. एका अंगाला सिमेटच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेड, मधी मॅट. टीव्हीवरची कबड्डी न्हवं ही. हितली पोरं दिसभर मार्केट यार्डात हळदीची पोती उचलत्यात आन सांजच्याला तशीच खेळाय उतरत्यात, कानामागची हळद कानामागंच. तरी पायऱ्या भरत्यात. आन त्या पायऱ्यांवरच्या समद्यांच्या तोंडात अजून तूच हायस.

मी पैल्यांदा सुट्टीला तुझ्याकडं आलते, ते आठवतंय का? मला पैल्या पायरीवर बसवलंस आन पिशवीतनं स्टीलचं ताट आन उलथनं काढलंस. मला वाटलं, ही हितं जेवाय वाढती का काय. आपला गडी चढाईला गेला तशी तू ताट वाजवाय लागलीस. त्यो तिकडं कबड्डी कबड्डी म्हणतूय, आन हितं तुझं ताट त्याच्या दमासंगं चाललंय. दम संपत आला की जोरात वाजवायचीस, म्हंजी त्यानं मागं फिरायचं. मला लाज वाटली. म्हणले, "आक्का, माणसं बघत्यात."

तू म्हणलीस, "बघू दे की. माणदेशात मेंढरामागं वरडत हुतो तवा कोण बघत हुतं? हितं निदान बघाय तरी हायत."

त्याच पायरीवर आता मी बसते.

तीन दिसाचा ताप, आन तू गेलीस. वरीस झालं तशी आयनं आन सासूबाईनं बोलणी केली, पोरीला परकी आय नगं, मावशीच आणू. मला इचारलं न्हाई असं न्हाई. इचारलं. "गौरीसाठी व्हय म्हण," म्हणल्या. असं म्हणल्यावर न्हाई कोण म्हणंल?

लगीन झाल्यावर पैल्या सामन्याला हे मला घिऊन गेले. ह्यांचा गुडघा गेल्यापासनं खेळ सुटलाय, पर मॅट टाकायची, रेघा मारायच्या, दिवं लावायचं समदं हेच बघत्यात. गर्दीत कुठं दिसंनात म्हून मी मोठ्यानं हाक मारली, "आवं दाजी!"

इतक्या वर्सांची सवय, जिभंला काय कळतंय? पायऱ्या फुटल्या हसून. चहाच्या गाड्यावरची मालन मावशी म्हणली, "आगं बया, दाजीचा आता धनी झालाय. कवा सांगायचं हिला?" हे बी हसले. मला हसू आलं न्हाई. मग मालन मावशीनं चहा गाळता गाळता इचारलं, "सुरेखाचा बिनसाखरंचा असायचा. तुझा कसा?"

आक्का, मी दोन चमचं साखर घेते. तुला म्हाईत हाय. पर मी म्हणले, माझा बी बिनसाखरंचाच. कडू घोट गिळत बसले. तवापासनं त्या मैदानावर कडूच पितीया. का पिते, तूच सांग.

आन नुसती कबड्डी असती तर चाललं असतं. दिवाळीला तितं पोरांची किल्ल्याची चढाओढ असती, तर म्हणणार, सुरेखा वैनी किल्ल्याच्या बुडाला मोहरी पेरून हिरवंगार रान करायची. नवरात्रात भोंडला, तर सुरेखाला समदी गाणी पाठ. शिवजयंतीला पाळणा बांधत्यात, तर पैली दोरी सुरेखाची. मी कुठली दोरी धरू गं? धरंन तितं तुझा हात आधीच लागल्याला.

तुझं ते ताट घरात फळीवर असतं. मधी खोलगट झालंय वाजवून वाजवून. समदी भांडी मी घासते, तेवढं एक ताट हे सोता पुसून ठेवत्यात. मी एकदा हात लावला तर म्हणले, "ऱ्हाऊ दे." रागानं न्हाई म्हणले. रागानं म्हणले असते तर बरं वाटलं असतं.

आता माझ्या भ्याचं सांगते.

लग्नात सासूबाईनं तुझा टाक करून माझ्या गळ्यात घातला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं तोंड. ते तोंड तुझं म्हणायचं. तुझ्यासारखं काय दिसत न्हाई बघ, सोनार समद्या मेलेल्या बायास्नी एकच तोंड देतूया. सासूबाईनं सांगितलं, "हे काढायचं न्हाई. पैलीला मान दिला न्हाई तर ती दुसरीच्या लेकराला लागती." तवा माझ्या पोटात काय न्हवतं. आता बाळ चार म्हैन्यांचं हाय. त्याला साधी शिंक आली तरी माझा हात टाकावर जातूय. त्याचं अंग जरा कोमट लागलं की मला तुझे ते तीन दिस दिसत्यात. आन मनात येतं, मी आक्कावर जळते हे आक्काला कळत असंल का? कळत असंल तर ती राग कुणावर काढंल?

म्हंजी बघ, तुझ्यावर जळते बी मी, आन तुला भेते बी मीच.

संक्रांतीला आय आली, तिळाच्या वड्या घिऊन. दुसऱ्या दिशी भाकरी थापता थापता म्हणली, "रुपे, तुला तान्हं हाय, तुझं तुला हुईना. गौरीला मी नेती. आपल्या गावात बी शाळा हाय. सुरेखाची तेवढीच एक खूण माझ्याजवळ ऱ्हाईल."

मी ह्यास्नी इचारलं. हे म्हणले, "तू म्हणशील तसं." झालं. गाठ माझ्या पदराला मारून मोकळे.

खरं सांगू का, माझ्या मनात आलं, जाऊ दे. पोरगी गेली की ताट जाईल, ते मैदान जाईल, तू जाशील. मग मी ह्या घरची हुईन. आन त्याच घटकंला दुसरं मनात आलं. ती गेल्यावर "मावशे, तू जेवलीस का" म्हून मला कोण इचारंल? ह्या घरात तेवढं एकच माणूस मला ते इचारतं. त्या दोन दिसात मी चार डाव व्हय म्हणले असंन आन चार डाव न्हाई, समदं मनातल्या मनात.

ऐतवारी सामना हुता. संक्रांतीनंतरच्या सामन्याला मैदानावर बायकांचं हळदीकुकू असतं, अर्धा खेळ झाला की मधल्या सुट्टीत. तूच चालू केलंस म्हणं ते बी. आय, सासूबाई, मी, बाळ, गौरी, समदे गेलो. निघताना गौरीनं ताट मागितलं. ह्यांनी फळीवरनं काढून सरळ तिच्या हातात दिलं. मला ऱ्हाऊ दे, आन तिला लगीच. आयनं पदर डोळ्याला लावला.

मधल्या सुट्टीत बायका रांगनं बसल्या. मंडळाच्या अध्यक्षांच्या घरच्या वैनी करंडा घिऊन एकेकीला कुकू लावत आल्या. माझ्याम्होरं आल्या, मी कपाळ वर केलं. त्यांचं बोट कपाळापतुर आलं आन थांबलं. म्हणल्या, "थांब गं. आधी सुरेखाला."

आन माझ्या गळ्यातला टाक उचलून त्याला कुकू लावलं. मग मला. वाण म्हून स्टीलच्या वाट्या हुत्या. दोन दिल्या, एक तुझी, एक माझी. बाजूची म्हणली, "लय मान हाय बाई सुरेखाला." कपाळ वर करून बसल्याली मी तशीच बसले. मान खाली घालावी का नगं ते बी सुधरंना. तवा मी ठरवलं, आक्का. आयला सांगायचं, ने पोरीला.

खेळ परत चालू झाला. गौरी पैल्या पायरीवर, ताट मांडीवर. मी बाळाला घिऊन चार पायऱ्या वर. गुण बरोबरीला आल्याले, लोकं उभी ऱ्हायलेली. आपला गडी चढाईला गेला आन पोरीनं ताट धरलं. कुणी शिकवलं न्हाई तिला, तरी तुझ्यासारखंच, दमासंगं. मागनं वरडायला लागले, "आगदी सुरेखा! वाजव गं, वाजव!"

त्या आवाजानं बाळ दचकून उठलं. रडाय लागलं आन रडता रडता त्यानं दमच धरला. तोंड उघडं, आवाज न्हाई. ओठ काळंनिळं पडाय लागलं. मी हलवतीया, हाका मारतीया, माझं मलाच ऐकू येत न्हाई. माझा हात कुठं गेला असंल? टाकावर. आक्का, मी तुला मोठ्यानं म्हणले, नगं गं, नगं.

आन ताट थांबलं.

गौरीनं मागं वळून बघितलं हुतं. चढाई चालू असताना ताट पायरीवर ठेवलं आन माणसातनं वाट काढत वर आली. ताट थांबलं तसा गड्यानं मागं बघितलं, आन तेवढ्यात समोरच्यांनी त्याचा पाय धरला. लोकं वरडली, "आगं वाजव की पोरी!" तिनं कुणाकडं बघितलं न्हाई. बाळाच्या कानावर दोन्ही तळवं दाबलं आन त्याच्या तोंडावर जोरात फुकर मारली. एकदा. परत एकदा. बाळानं दम घेतला आन असा टाहो फोडला, मला इतकं ग्वाड रडणं कवा लागलं न्हवतं.

खालनं कोणतरी म्हणलं, "तुझी आय असती तर ताट सोडलं नसतं."

गौरी म्हणली, "आमचं बाळ भेतंय. मी न्हाई वाजवणार."

सामना एका गुणानं गेला. निघताना मालन मावशी म्हणली, ताट थांबलं आन घात झाला.

पर मी त्या पोरीच्या हाताकडं बघत बसलेली. आपल्या गावच्या जत्रंत दारूकाम सुरू झालं की मी रडायचे, आन तू पाठीमागनं येऊन दोन्ही कान झाकायचीस आन तोंडावर फुकर मारायचीस. तुझ्या तळहाताला मेंढराच्या लोकरीचा वास असायचा. गौरीनं ते कवा बघितलंय? तिचा तवा जलम बी न्हवता. मनात म्हणले, घ्या, हितं बी आक्काच. माझ्या लेकराचा दम परत आला, त्यो बी हिच्याच हातानं.

मग ध्यानात आलं. ते कान माझे हुते.

समद्या पायऱ्यांकडं तुझं ताट हाय, तुझा किल्ला हाय, तुझी गाणी हायत. कान झाकल्यालं कुणाकडं न्हाई. ते माझ्या एकटीकडं हाय.

आज सकाळी स्टँडवर आयनं गौरीची पिशवी उचलली. मी म्हणले, "आय, मी न्हाई पाठवत."

"कालपतुर गप हुतीस की."

"कालपतुर हुते."

गौरी म्हणली, "आजे, मी उन्हाळ्यात येती. आत्ता आले तर बाळाचे कान कोण झाकंल?"

आय रागानंच गाडीत चढली. गाडी हलल्यावर मातर खिडकीतनं उरल्याल्या तिळाच्या वड्यांची पुडी माझ्या हातात टाकली आन म्हणली, "दोघीस्नी."

आक्का, माझं जळणं काय गेल्यालं न्हाई, खोटं कशाला सांगू? पर माझं जळणं माझ्यापाशी. राग आला तर माझ्यावर काढ, बाळाकडं वाकडं बघू नगं. आन तापात तीन दिस पडलीस, मला निरोप का धाडला न्हाईस? मी नसते का आले तुझे कान झाकाय?

आता शब्द देते. गौरीला मी कुणाकडं धाडणार न्हाई. तुझं ताट हितनं पुढं मीच घाशीन, ह्यास्नी काय म्हणायचं ते म्हणू दे. मालन मावशीला सांगीन, माझ्या चहात दोन चमचं साखर घाल. आन पुढच्या संक्रांतीला त्या मैदानावर तुझ्या टाकाला आधी कुकू लागंल, पर ते मी लावीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई.

जत्रंत जिचे कान झाकायचीस ती,
रुपी